जुना पंखा नेऊ काय?

मे महिन्यातल्या तिसऱ्या मंगळवारी, दुपारी पावणेदोन वाजता, अमरावतीच्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत पानं लावण्याच्या संगणकावर नवा कूलर बसवून झाला. बसवणारा मिस्त्री अकोल्याहून आला होता. त्यानंतर तासभर तापमान तपासायचं, ही त्याची पद्धत. तो पंचावन्न मिनिटं बसला आणि उठून गेला. पुन्हा आमच्याकडे आला नाही.

त्याचं नाव इथे देत नाही. कचेरीत कोणी ते वापरतही नव्हतं. वऱ्हाडात यंत्र दुरुस्त करणारा कोणीही माणूस मिस्त्री असतो, मग तो सायकलचा असो की संगणकाचा. हाही मिस्त्रीच होता. वय चाळिशीच्या आत, अंगाने किरकोळ, खांद्याला रेक्झिनची पिशवी. आठवड्यातून दोनदा अकोल्याहून एसटीने यायचा आणि बँका, दुकानं, कापसाचे जिनिंग कारखाने आणि आमची कचेरी अशी कामं करून संध्याकाळच्या आत परत जायचा.

असे लोक तुम्हीही पाहिले असतील. त्यांची एखादी लकब नावाआधी लक्षात राहते. याची लकब म्हणजे उजव्या हाताची पाठ. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तो हाताची पाठ तिच्यापासून बोटभर अंतरावर धरायचा आणि क्षणभर थांबायचा. संगणकाचा डबा, चहाचा कप, एसटीची सीट, सगळ्यांना हाच नियम. तळहाताची कातडी कामाने मेलेली असते, पाठीची जिवंत असते, असं त्याचं म्हणणं होतं.

“हात आधी सांगते भाऊ. मीटर मंग सांगते.”

एकदा आमचे संपादक कपाळ धरून बसले होते. मिस्त्री त्यांच्या मागच्या संगणकाचं काम करत होता. त्याने वळून त्यांच्या कपाळाजवळ हाताची पाठ धरली.

“एकशे एक असन,” तो म्हणाला.

कोणीतरी थर्मामीटर आणला. एकशे एकच्या वर दोन रेषा.

“सायबाले घरी पाठवा. मशीन असती तं आतालोक बंद पडली असती.”

संपादक घरी गेले. पुढे कितीतरी दिवस कचेरीत कोणाला सुटी हवी असली की तो मिस्त्रीसमोर कपाळ पुढे करायचा.

संगणक का तापतो, हे त्याने मला एकदाच सांगितलं. डब्याच्या आत एक मुख्य तुकडा असतो, प्रोसेसर. सगळं काम तो करतो आणि तापतो. त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या बसवलेल्या असतात. त्या गरमी ओढून घेतात आणि पात्यांवरचा छोटा पंखा ती उडवून लावतो. कंपनीने दिलेला हा कूलर पुण्यामुंबईच्या हिशेबाने बनवलेला असतो, असं मिस्त्रीचं मत. आपल्याकडे मेमध्ये खोलीच चाळीसच्या घरात असते. तिथे तो कमी पडतो. म्हणून तो नागपूरहून मोठे कूलर आणायचा, तांब्याच्या नळ्यांचे आणि वीतभर उंचीचे, आणि ज्याचा संगणक दुपारी आपोआप बंद पडायचा त्याला बसवून द्यायचा.

“मंग हा गरमी घालवते?” मी विचारलं होतं. त्याच्याशी बोलताना माझीही भाषा त्याच्यासारखी व्हायची.

“गरमी जात नाई भाऊ. जागा बदलते. तुकड्यातून पात्यात, पात्यातून खोलीत. मंग खोलीत जो बसला असन, त्याची.”

हे वाक्य त्याच्या तोंडून मी पुढे पुष्कळदा ऐकलं. तो ते फक्त यंत्राविषयी बोलत असे.

काम झालं की तो जुना कूलर उचलायचा, पात्या बाजूला काढायचा आणि पंखा हातात धरून विचारायचा, “जुना पंखा नेऊ काय?” तळहाताएवढा पंखा. कोणी नाही म्हणत नसे. तो पंखा पिशवीत जायचा.

आमच्या मुद्रितशोधक ताईंनी त्याला एकदा छेडलं, “मिस्त्री, पंख्यांचं दुकान टाकता का काय?”

“टाकलं ना, ताई. गिऱ्हाईक एकच हाय.”

आम्हाला वाटलं, भंगारवाला.

एका डिसेंबरमध्ये मी त्याच्यासोबत वलगावच्या पुढच्या एका जिनिंगमध्ये गेलो होतो. मला कापसाच्या आवकेची बातमी करायची होती, त्याला संगणक साफ करायचा होता. मुनीमजींच्या खोलीत संगणकावर रुईचा पांढरा थर होता. मिस्त्रीने डबा उघडला, पंख्याचे चार स्क्रू काढले आणि पात्यांवरून नखाने एक कडा उचलली. पंखा आणि पात्या यांच्यामध्ये रुई दाबून बसली होती. ती अख्खी निघाली, चौकोनी, लहान मुलाच्या उशीसारखी.

“हे काय काढलं, मिस्त्री?” मुनीमजींनी विचारलं.

“तुमचा हंगाम, मुनीमजी.”

“मंग फेकू नको. काट्यावर ठेव. ओल काटून भाव लावतो.”

बाहेर गाड्यांची रांग होती. त्या रांगेतल्या दोघांनी ते ऐकलं आणि हसले. मिस्त्रीने तो चौकोन वर्तमानपत्राच्या घडीत ठेवला, वर वर्ष लिहिलं आणि पिशवीत टाकला. परत येताना बसमध्ये त्याने तो मला पुन्हा दाखवला.

“माहे अब्बा पिंजारी व्हते. साठ वर्सं लोकायच्या गाद्या पिंजल्या. डाक्टर म्हणते, छातीत रुई बसली. हेच असन पाहा भाऊ, अस्संच. फरक इतलाच, तिथं खोलाले स्क्रू नाई.”

पुढच्या डिसेंबरमध्ये त्याच जिनिंगमध्ये त्याच संगणकातून निघालेला चौकोन पापडाएवढाच जाड होता. त्याच्या पुढच्या वर्षी मिस्त्रीने डबा उघडला, पात्यांवर फुंकर मारली आणि थांबला. रुई नव्हती. काळी माती होती, पिठासारखी. अंगणात एक गाडी उभी होती आणि तिचा बैल सोडलेला होता.

“यंदा तं मशीन थंडी रायली असन,” मुनीमजी म्हणाले. ते दुसरीकडे पाहत होते.

“थंडी कायची, मुनीमजी? गरमी जात नाई.”

पुढचं वाक्य तो बोलला नाही. मी त्या दिवशीच्या बातमीत पंख्यातल्या रुईची तीन वर्षांची जाडी लिहिली. रात्रपाळीच्या मुख्य उपसंपादकांनी तो परिच्छेद काढला. “हा मिस्त्री कोण? पणन अधिकारी आहे काय?” असं त्यांनी समासात लिहिलं होतं. त्यांचं बरोबर होतं. पंख्यातली रुई हा पुरावा धरता येत नाही.

पुरावा आणि दुजोरा या दोन शब्दांवर आमचं काम चाले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं कशी होती हे वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको. रोज सकाळपासून फोन येत. फोन घेणाऱ्या ताई ऐकलेलं चिठ्ठीवर लिहीत आणि माझ्या टेबलावरच्या लाकडी ठोकळ्यात उभ्या ठोकलेल्या खिळ्याला खोचत. चिठ्ठी कशी लिहायची हे त्यांना मीच शिकवलं होतं. आधी गाव, मग माणूस, मग कारण. नातेवाइकांचं रडणं लिहायचं नाही. हातातलं पान छपाईला सुटलं की मी खिळ्यावरच्या चिठ्ठ्या वाचत असे, ज्यात मृत्यू असेल तिच्यावर पेन्सिलीने ‘दुजोरा’ लिहीत असे आणि तिथल्या वार्ताहराला फोन करत असे. दुजोरा मिळाला तर बातमी. नाही मिळाला तर चिठ्ठी खिळ्यावर. पुढे सरकारी चौकशी होऊन तोच मृत्यू मदतीला पात्र किंवा अपात्र ठरे, ती वेगळी बातमी. काही दिवशी खिळा वरपर्यंत भरलेला असे.

मिस्त्री त्या खिळ्याकडे पाहून एकदा म्हणाला होता, “तुमच्या याच्यात बी लय साचलं भाऊ. साफ कवा करता?”

त्याच्या घरी मी एकदाच गेलो. अकोल्यात काम होतं, बसमध्ये तो भेटला आणि चहाला चला म्हणाला. रेल्वे लाइनच्या पलीकडे एका गल्लीत त्याची खोली होती. भिंती विटांच्या, वर टीन. एप्रिल होता. दारातून आत पाऊल टाकताच त्याने सवयीने हाताची पाठ हवेत धरली.

“एकोणचाळीस,” तो म्हणाला. भिंतीवर थर्मामीटर होता. चाळीसला थोडं कमी.

खाटेवर त्याचे अब्बा उशीला टेकून बसले होते. श्वास घेताना त्यांचे खांदे वर जात आणि तिथेच थोडा वेळ थांबत. खाटेच्या वर, खुंटीला, रुई पिंजायची धनुकली टांगलेली होती. तिची तात काढून ठेवली होती.

खिडकीच्या जागी प्लायवूडची एक फळी बसवलेली होती. तिच्यात सोळा गोल भोकं, चार ओळींत चार-चार. त्यातल्या बारा भोकांत संगणकाचे छोटे पंखे बसवले होते आणि बाराही फिरत होते. फळीच्या मागे वाळ्याची ताटी होती; तिच्यावर वरच्या डब्यातून थेंब थेंब पाणी पडत होतं. खाली एक बॅटरी होती, कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेल्या यूपीएसची. शेजारी तशीच दुसरी.

तेव्हा अकोल्यात दिवसातून दोनदा वीज जायची. मोठा कूलर अशा वेळी नुसता डबा होतो. हे पंखे बॅटरीवर चालत. एक बॅटरी अडीच तास पुरायची. संपली की मिस्त्री वायर काढून दुसऱ्या बॅटरीला लावायचा. टीनखाली हवा चाळीसच्या वर गेली की अब्बांना श्वास पुरत नसे. ती चार-पाच अंशांनी खाली ठेवायची, एवढंच त्या फळीचं काम होतं, आणि पावसाळ्यापर्यंत ते काम चालू ठेवणं हे मिस्त्रीचं.

अब्बांनी मला हाताने जवळ बोलावलं. प्रत्येक पंखा कुठला आहे हे त्यांना पाठ होतं.

“अखबारवाले साब, ये बँक का है. आवाज बहुत, हवा कम. ये सरकारी दफ्तर का. मन हुआ तो फिरता.” मध्ये थांबून त्यांनी दोन श्वास घेतले. “ये नीचेवाला जिनिंग का. अपनी बिरादरी का है, बराबर चलता.”

“आमच्या कचेरीचा कोणता?” मी विचारलं.

त्यांनी वरच्या ओळीतला एक दाखवला.

“वो. दिनभर बोलता. सुनता किसी की नहीं.”

मिस्त्री हसला. मीही हसलो. शेजारच्या खाला चहा घेऊन आल्या. मिस्त्री बाहेरगावी असला की त्याच अब्बांकडे पाहत. चहा देऊन त्या मला म्हणाल्या, “याले सांगा ना बावा, त्या वायरीचं मले बी शिकवून ठेव मनून. दोन्ही काळ्याच हायत. उलट्या लागल्या तं सगळं जळन मनते, अन् शिकवत बी नाई.”

“मी हावो ना, खाला. संध्याकाळच्या आत तं वापस येतोच मी,” मिस्त्री म्हणाला.

पंखे वेगवेगळ्या ठिकाणचे, त्यांच्या वायरी कापून एकाला एक जोडलेल्या. रंगांचा मेळ राहिला नव्हता. शेवटी फळीतून निघणाऱ्या दोन्ही वायरी काळ्या होत्या. कोणती कुठे लावायची, हे फक्त मिस्त्रीला माहीत होतं.

मेमधल्या त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, आमचा पानं लावण्याचा संगणक दुपारपासून तीनदा बंद पडला. मी मिस्त्रीला फोन केला.

“बुधवारी येतो भाऊ. उद्या अकोल्यात लाइनचा भरोसा नाई.” लाइन म्हणजे वीज.

“बुधवारी उशीर होईल. उद्या पुरवणीची पानं आहेत. उद्याच या.”

“बरं. पोचतो.”

मंगळवारी बाराच्या सुमारास तो आला. बसमधून उतरून पायी आला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. पाणी प्यायला, घड्याळ काढलं, मोबाइल बंद करून पिशवीत ठेवला. डबा उघडा असेपर्यंत आणि पुढचा तपासणीचा तास संपेपर्यंत मोबाइल बंद, हाही त्याचा नियम. कुठे गेला आहे हे तो शेजारी सांगून येत असे आणि त्या ठिकाणचा फोन नंबर खालांकडे लिहून ठेवत असे.

त्याने जुना कूलर काढला. त्याच्याखालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती त्याने कापडाने पुसली, तुकडा आरशासारखा दिसेपर्यंत. मग नवी पेस्ट, तुरीच्या दाण्याएवढी, बरोबर मध्ये.

“जास्त लावली तं घोंगडी होते. कमी लावली तं भोक रायते.”

वर तांब्याच्या नळ्यांचा नवा कूलर ठेवला. स्क्रू एकदम आवळले नाहीत. एका कोपऱ्याला दोन फेरे, मग समोरच्या तिरप्या कोपऱ्याला दोन, खाटेची नवार ताणतात तसे. पंख्याची वायर पात्यांना लागणार नाही अशी बांधली. मग जुना पंखा हातात धरून त्याने विचारलं, “नेऊ काय?”

“न्या,” मी म्हणालो. त्याने तो टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला.

पावणेदोनला संगणक सुरू झाला. मिस्त्रीने डब्याच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर चार वेळा आधीच लिहिलेल्या होत्या, पंधरा पंधरा मिनिटांच्या. प्रत्येक डब्यात तो अशी चिठ्ठी ठेवायचा. मग त्याने संगणकाला मुद्दाम पूर्ण कामाला लावणारा एक प्रोग्राम चालू केला, खुर्ची ओढली आणि पडद्यावरचा आकडा पाहत बसला. या तासात त्याला दुसरं काही काम नसे. माझं टेबल तिथून सहा फुटांवर होतं.

दोनला पाच मिनिटं कमी असताना फोनवरच्या ताईंनी खिळ्याला एक चिठ्ठी खोचली. मी ती वाचली. तिच्यावर लिहिलं होतं:

‘अकोला. वृद्ध, टिनाची खोली, गरमीने अत्यवस्थ. सकाळपासून लाइन नाही. मुलगा अमरावतीत कामाला. फोन कटला.’

टिनाची ती खोली मी पाहिली होती. चिठ्ठी वाचताना मला ती आठवली नाही. त्या दिवशी खिळ्यावर नऊ चिठ्ठ्या होत्या, ही दहावी. मी तिच्यावर पेन्सिलीने ‘दुजोरा’ लिहिलं आणि ती परत खोचली. पुरवणीचं दुसरं पान माझ्यासमोर होतं.

दोन वाजता मिस्त्रीने पहिला आकडा लिहिला. चहा आला. त्याने कपाजवळ हाताची पाठ धरली आणि कप तसाच ठेवला.

सव्वादोनला पान सुटलं. मी अकोल्याच्या वार्ताहराला फोन करून चिठ्ठी वाचून दाखवली. भाग कोणता, त्याने विचारलं. माहीत नाही, मी सांगितलं. टिनाच्या खोल्या अकोल्यात शेकड्याने आहेत, तो म्हणाला; पण सकाळपासून वीज नसलेला भाग एकच आहे, रेल्वे लाइनच्या पलीकडचा, तिथे पाहून येतो. मिस्त्रीने दुसरा आकडा लिहिला.

“सत्तावन,” तो मला म्हणाला. “काल तं पंच्याऐंशीले बंद पडत असन. मस्त चालून रायली.”

अडीचला तिसरा आकडा. अठ्ठावन्न.

दोन चाळीसला अकोल्याहून फोन आला.

“दुजोरा मिळाला,” वार्ताहर म्हणाला. “म्हातारा गेला. दमा होता म्हणतात, पिंजारी होता. शेजारच्या बाईने तुमच्याच कचेरीत फोन लावला होता म्हणे, मुलासाठी. मुलगा कॉम्प्युटरचा मिस्त्री आहे.”

“वेळ?” मी विचारलं.

“दोन दहा.”

मी वेळ लिहून घेतली. मग फोन ठेवला.

मिस्त्री माझ्याकडे पाठ करून बसला होता. मी त्याच्या खुर्चीजवळ गेलो.

“मिस्त्री, अकोल्याहून फोन होता.”

तो वळला नाही. “लाइन गेली काय?”

“वडील गेले.”

त्याने पडद्यावरचा आकडा पाहिला. मग माझ्याकडे.

“दुसरी बॅटरी व्हती ना,” तो म्हणाला.

मी खिळ्याकडे पाहिलं.

“फोन कवा आला?”

“आत्ता. त्याआधी एक आला होता. दोनला पाच कमी असताना.”

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “काय मनत व्हते?”

मी खिळ्यावरून चिठ्ठी काढून त्याला दिली. त्याने ती वाचली. खाली पेन्सिलीने लिहिलेला माझा शब्दही वाचला. मग उठून माझ्या टेबलापाशी गेला आणि ती परत खिळ्याला खोचली.

पिशवी आवरताना त्याने मोबाइल सुरू केला. निघताना संगणकाच्या डब्याजवळ हाताची पाठ धरली, नेहमीसारखी, क्षणभर.

“चालन आता हे,” तो म्हणाला.

जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज आला. जुना पंखा टेबलाच्या कोपऱ्यावर राहिला.

अमरावतीहून अकोल्याला एसटीला अडीच तास लागतात. पहिली चिठ्ठी वाचल्याबरोबर मी त्याला दिली असती, तरी तो साडेचारच्या आत पोचला नसता. हा हिशेब मी त्याच संध्याकाळी केला आणि पुढे बरेच दिवस तो माझ्या कामी आला.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात आतल्या पानावर एक कॉलमी बातमी होती. अकोल्यात वृद्धाचा मृत्यू, उष्माघाताचा संशय. शेवटचं वाक्य मी लिहिलं होतं: याबाबत अधिकृत दुजोरा मिळू शकला नाही. शवविच्छेदन झालं नव्हतं, त्यामुळे उन्हाळा संपल्यावर आलेल्या उष्माघाताच्या सरकारी यादीत ते नाव नव्हतं. यादी मीच छापायला दिली.

मिस्त्रीचा मोबाइल लागत नव्हता. जुलैमध्ये मी तो पंखा घेऊन अकोल्याला गेलो. खोलीला कुलूप होतं. किल्ली खालांकडे होती. अब्बांचं चाळीसावं करून तो गेला, त्या म्हणाल्या. कुठे, ते सांगितलं नव्हतं. बहीण बुऱ्हाणपूरला होती, तिकडे असेल. गल्लीतल्या दुसऱ्या एकाने सुरत सांगितलं. दोन्हींना दुजोरा मिळाला नाही.

खालांनी दार उघडून दिलं.

“सकाळी दहाले लाइन गेली ते संध्याकाळी आली,” त्या म्हणाल्या. “साडेबाराले बॅटरी सरली. तवापासून मी ओल्या फडक्यानं पुसत व्हती त्याईले. त्याचा मोबाइल बंद. दुसरी बॅटरी भरेल ठेवली व्हती बाजूले. पोराले बोलवाले नव्हता केला मी फोन. मले मालूम नाई काय, इतल्या दूरून तो कवा येईन?”

“मग?”

“इचारासाठी केला ना, बावा. कोनती वायर कुठी लावू मनून. तुमच्या बाईले तेच सांगत व्हती, तं फोन कटला. मंग लावला तं लागेच ना. मले वाटलं, आता तिकडून तोच करन. एका मिनिटाचं काम व्हतं.”

त्यांनी बॅटरी दाखवली. ती भिंतीला लागून तशीच होती. वायरींना कोणी हात लावला नव्हता.

खाट नव्हती. धनुकली नव्हती. फळी खिडकीत होती, वाळा वाळून तपकिरी झाला होता. मी पंखे मोजले. तेरा होते, मागच्यापेक्षा एक जास्त. तीन भोकं रिकामी होती, त्यांवर आतून पुठ्ठा लावलेला होता. आमचा जुना पंखा मी खालांना देऊ लागलो.

“मी काय करू याचं?” त्या म्हणाल्या.

मी तो परत आणला.

आमच्या कचेरीत पुढे नवे संगणक आले, तेव्हा जुने भंगारात देण्याआधी मी त्या एकाचा डबा उघडला. तांब्याच्या नळ्यांवर धूळ होती, रुई नव्हती. चिठ्ठी चिकटलेलीच होती. दोन वाजता पंचावन्न. सव्वादोनला सत्तावन्न. अडीचला अठ्ठावन्न. पावणेतीनची वेळ लिहिलेली होती, तिच्यासमोरची जागा कोरी होती.

मधल्या चार उन्हाळ्यांत तो संगणक तापून एकदाही बंद पडला नव्हता.